आधी लेन्स, मग बॉडी : एका जुन्या सल्ल्याचा इतिहास

मद्रासचे निसर्ग-अभ्यासक एम. कृष्णन यांचा कॅमेरा कोणत्या कंपनीचा, हे पाहणाऱ्याला सांगता येत नसे. कारण तो कोणत्याच एका कंपनीचा नव्हता. बॉडी एका बनावटीची, दूरचे दृश्य जवळ आणणारी लेन्स दुसऱ्या बनावटीची, आणि या दोहोंना एकत्र धरून ठेवणारे बाकीचे भाग खुद्द कृष्णन यांनी जुळवलेले. आसामात चहामळ्यांवर आयुष्य घालवलेले ई. पी. गी यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वाइल्ड लाइफ ऑफ इंडिया’ या पुस्तकात या यंत्राचे मिस्कील वर्णन केले आहे. त्यात कुठे ना कुठे तारेचा तुकडा असणारच, अशी त्यांची खात्री होती. या जोडाजोडीच्या कॅमेऱ्याचे नाव होते ‘सुपर पाँडरोसा’. इंग्रजीत ‘पाँडरस’ म्हणजे जड. नावातली कोटी उघड आहे.

या जड यंत्राने कृष्णन यांनी दक्षिणेतील हत्ती, गवे, रानकुत्री, हरणे टिपली, सगळी कृष्णधवल. १९५९ ते १९७० या काळातील द्वीपकल्पीय भारताच्या सस्तन प्राण्यांची त्यांची पाहणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. व्याघ्रप्रकल्प सुरू झाला १९७३ मध्ये. त्याआधीचे रान कसे होते, हे आज पाहायचे तर जी थोडी चित्रे हाती लागतात, त्यांत या तारेने बांधलेल्या कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे.

आज पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्या विद्यार्थ्याला मुंबईच्या बोरा बाजारात, दिल्लीच्या चांदणी चौकात किंवा कोणाही जाणत्या मित्राकडे एकच सल्ला मिळतो : पैसा लेन्समध्ये घाल, बॉडीत नको. बॉडी चार वर्षांत जुनी होते, लेन्स जन्मभर पुरते. कृष्णन यांचा कॅमेरा हे या सल्ल्याचे टोकाचे उदाहरण म्हणता येईल. सल्ला चुकीचा नाही. पण तो एका विशिष्ट काळात जन्मला, त्या काळाच्या भौतिकीवर उभा राहिला, आणि भारतात तर त्याला आयात धोरणाचीही जोड मिळाली. तो काळ आता सरला आहे. सल्ला मात्र तसाच चालत आला आहे.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. छायाचित्रणाच्या पहिल्या पन्नास वर्षांत ‘बॉडी’ म्हणजे लाकडी पेटी. १८४० मध्ये योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने व्हिएन्नात गणिताने आखलेली लेन्स तयार केली. तिचे छिद्र एफ/३.६ इतके मोठे होते. त्याआधीच्या शेवालिए यांच्या लेन्सच्या मानाने ती अनेकपट प्रकाश आत घेई. माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसवण्याची सक्ती तिच्यामुळे सुटली. पेटी मात्र होती तीच. १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या भारतीय सभासदांपैकी. त्या काळच्या हौशी माणसाच्या लेखी कॅमेरा विकत घेणे म्हणजे पितळी नळीतली परदेशी लेन्स मिळवणे. पेटीविषयीची चिंता वेगळीच होती : दमट हवेत लाकूड फुगे, सरस सुटे, भात्याच्या कातड्याला कीड लागे. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी सागवानी, पितळी पट्ट्यांनी जखडलेले खास कॅमेरे बनू लागले. पेटीकडून अपेक्षा एवढीच, की तिने अंधार धरून ठेवावा.

ही मांडणी बदलली ती लायकामुळे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या या जर्मन कॅमेऱ्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरली आणि २४ × ३६ मिमीची चौकट रूढ केली. १९३० मध्ये त्याची लेन्स काढता-घालता येऊ लागली, आणि पुढच्याच वर्षी लेन्स बसवण्याचे अंतर प्रमाणित झाले; कोणत्याही लायकाची लेन्स कोणत्याही लायकावर बसू लागली. ‘बॉडी’ आणि ‘लेन्स’ ही दुकानातली दोन वेगळी खरेदी येथून सुरू होते, आणि बॉडी निवडणे म्हणजे लेन्सचे एक घराणे निवडणे हेही येथूनच.

पण रानात जाणाऱ्याला लायकाचा उपयोग बेताचाच होता. याचे कारण शाळेच्या प्रकाशशास्त्रात सापडते. दूरच्या वस्तूची फिल्मवरील प्रतिमा किती मोठी पडेल, हे जवळपास एका त्रैराशिकाने मिळते : वस्तूची उंची गुणिले लेन्सचे नाभीय अंतर, भागिले वस्तूपर्यंतचे अंतर. तीस मीटरवर उभा असलेला तीन मीटर उंचीचा हत्ती ५० मिमीच्या नेहमीच्या लेन्सने फिल्मवर पाच मिलिमीटरचा उमटतो. दहा मीटरवरचा पंधरा सेंटिमीटरचा पक्षी उमटतो पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे ठिपकाच. तोच पक्षी ४०० मिमीच्या लेन्सने सहा मिलिमीटरचा होतो. म्हणून लांब नाभीय अंतराची लेन्स हवी. ती लायकासारख्या, वेगळ्या खिडकीतून अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालत नसे, कारण साधारण १३५ मिमीच्या पुढे त्या खिडकीची अचूकता पुरी पडत नाही. आरसा बसवून लेन्समधूनच पाहू देणारा ३५ मिमीचा कॅमेरा हवा होता. १९३६ मध्ये ‘किने एक्झॅक्टा’ या नावाने तो आला, आणि १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्याने व्यावसायिकांमध्ये त्याला पक्के बस्तान मिळवून दिले.

या सगळ्याच्या आधी एका माणसाने त्रैराशिकाचा तिसरा आकडा बदलून पाहिला होता. संयुक्त प्रांतातील वन खात्याचे अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० च्या दशकात लांब लेन्सचा विचारच सोडला. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर ते रात्री कॅमेरा लावून ठेवत. वाटेत आडवी बारीक तार असे. वाघाचा पाय तिला लागला की शटर उघडे, फ्लॅशचा लखलखाट होई, आणि वाघ स्वतःचेच छायाचित्र काढून निघून जाई. अंतर कमी असल्याने साधी लेन्स पुरे. १९२७ च्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या पुस्तकातील चित्रे पाहताना लेन्सच्या किमतीचा विचार मनात येत नाही. वाघ कोणत्या वाटेने, कोणत्या बाजूने येईल हे ज्याला कळत होते, त्या माणसाचा येतो. जिम कॉर्बेट यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेण्यामागे चँपियन यांचीच प्रेरणा होती. पण तारेच्या युक्तीला मर्यादा होती. वाटेवरून चालणारा प्राणी तिने मिळे. झाडावरचा, आकाशातला, कळपात चरणारा मिळत नसे.

स्वातंत्र्यानंतर भारतातील हौशी छायाचित्रकारापुढे निवडीचा प्रश्न वेगळ्याच रूपात उभा राहिला : निवडायला आहे काय? परकीय चलन यंत्रसामग्री आणि धान्यासाठी राखायचे होते; कॅमेरा ही चैनीची वस्तू ठरली. आयात परवाना, जबर सीमाशुल्क, नाहीतर परदेशातून परतणारा एखादा काका, एवढेच मार्ग होते. देशात मिळे तो बडोद्यात तयार होणारा ‘आगफा क्लिक थ्री’. साधी स्थिर लेन्स, नावापुरती शटरची गती, मोठी १२० फिल्म. कित्येक मराठी घरांतील मुंजीची आणि सहलीची चित्रे याच डब्याने काढलेली आहेत. त्याची लेन्स निघत नसे, आणि निघाली असती तरी तेथे लावायला दुसरी नव्हती.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भारतात लेन्सची काच बनत होती. कोलकात्यातील जादवपूर येथे केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशीय काचेची कृती स्वबळावर शोधून काढली. जगातील मोजके देश तोवर ही काच करत, आणि कृती कोणी कोणाला देत नसे. प्रकाशीय काच खिडकीच्या काचेसारखी नसते. वितळलेल्या रसात सगळीकडे अपवर्तनांक अगदी सारखा राहावा लागतो, भट्टीच्या मातीचा अंश मिसळून चालत नाही, ढवळताना बुडबुडा राहता कामा नये, आणि थंड करताना आत ताण उरू नये म्हणून ती अतिशय सावकाश निववावी लागते. आत्माराम यांना १९५९ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले, पुढे ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. पण ही काच शास्त्रीय आणि संरक्षणविषयक उपकरणांसाठी होती. तिच्यातून हौशी माणसाची ४०० मिमीची लेन्स निघाली नाही. कोलकात्याच्याच नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या सरकारी कारखान्याने पुढे ‘नॅशनल ३५’ हा कॅमेरा काढला, तोही स्थिर लेन्सचा. काच आणि कॅमेरा यांच्यामध्ये लेन्सचा आराखडा, घासकाम, थर चढवणे आणि मोठी बाजारपेठ ही जी साखळी लागते ती देशात जुळली नाही. पहिलीच, सर्वांत कठीण कडी हाती असताना ती जुळू नये, ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

फिल्मची कथा याहून थोडी बरी. उटी येथे १९६० मध्ये ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ स्थापन झाली. तेथील थंड, धूळमुक्त हवा फिल्मच्या उत्पादनाला मानवणारी होती. १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाची फिल्म दुकानांत आली.

अशा टंचाईत कृष्णन यांचा जोडाजोडीचा कॅमेरा विक्षिप्तपणाचा वाटत नाही; तो हिशेबी वाटतो. फिल्मच्या काळात चित्राच्या गुणवत्तेत बॉडीचा वाटा जवळजवळ शून्य होता. एकाच आकाराची, एकाच रोलमधली फिल्म महागड्या बॉडीत घातली काय किंवा स्वस्त बॉडीत घातली काय, तिची संवेदनशीलता तीच आणि तिचे कण तेच. बॉडीने प्रकाश गळू द्यायचा नाही, शटर वेळेवर उघडायचे, फिल्म सपाट धरायची. चित्रात दिसे ती लेन्स. तेव्हा हाती आलेली चांगली लेन्स कोणत्याही चालू बॉडीवर कशीबशी बसवणे, हाच शहाणपणा होता. ‘पैसा लेन्समध्ये घाला’ या वाक्याचा उगम येथे आहे.

त्या काळी हौशी माणसाच्या नजरेला किती किंमत होती, याचे उदाहरण कृष्णन यांच्या कॅमेऱ्याची थट्टा करणाऱ्या गी यांचेच आहे. आसाम-भूतान सीमेवरच्या रानात सोनेरी रंगाची वानरे असल्याचे कानावर होते. १९५३ मध्ये गी यांनी ती शोधून त्यांचे चित्रीकरण केले आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेला कळवले. १९५६ मध्ये एच. खजुरिया यांनी ही जात शास्त्रीय रीतीने वर्णिली आणि तिला गी यांचेच नाव दिले.

लेन्सला एवढे महत्त्व येण्यामागे आणखी एक कठोर गणित होते, ते प्रकाशाचे. भर उन्हात १०० संवेदनशीलतेची फिल्म आणि एफ/५.६ छिद्र असेल, तर शटरची गती सुमारे १/८०० सेकंद मिळते. ४०० मिमीची लेन्स हातात धरून हलू न देता चित्र घ्यायचे तर साधारण १/४०० सेकंद लागते. म्हणजे उन्हात निभते. पण झाडोऱ्याच्या सावलीत प्रकाश सोळापट कमी होतो, आणि हाती उरते १/५० सेकंद. पक्षी सोडाच, झोपलेला बिबट्याही हललेला येईल. यावर उपाय एकच : छिद्र मोठे करणे. एफ/५.६ च्या जागी एफ/२.८ घेतले की प्रकाश चौपट मिळतो. त्याची किंमत मात्र काचेत मोजावी लागते. ४०० मिमी एफ/५.६ लेन्सच्या तोंडाचा व्यास सुमारे ७१ मिमी लागतो, एफ/२.८ ला सुमारे १४३ मिमी. व्यास दुप्पट, तर काचेचे आकारमान ढोबळमानाने आठपट. कॅननच्या ४०० मिमी एफ/५.६ लेन्सचे वजन सव्वा किलो होते. त्याच कंपनीच्या एफ/२.८ लेन्सचे, १९९९ च्या आवृत्तीत, पाच किलोहून अधिक. किंमत वजनापेक्षाही वेगाने चढते. रानातील छायाचित्रण बराच काळ राजेरजवाड्यांचा, मळेवाल्यांचा आणि मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यांचा छंद राहिला, त्याचे एक कारण या वर्ग-घनाच्या हिशेबात आहे.

मग बॉडी हळूहळू शहाणी होऊ लागली. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने स्वयंचलित फोकस बॉडीत आणला. १९८७ मध्ये कॅननने जुने एफडी घराणे एका फटक्यात बंद करून विद्युत-संपर्कांचे नवे ईएफ घराणे सुरू केले. तांत्रिकदृष्ट्या निर्णय दूरदृष्टीचा ठरला. पण ज्याने वर्षानुवर्षे पैसे साठवून एफडी लेन्स जमवल्या होत्या, त्याला ‘लेन्स जन्मभर पुरते’ या वाक्यातील फोलपणा त्या दिवशी कळला. लेन्स टिकते, हे खरे. ती जिच्यावर बसते ते घराणे टिकेलच असे नाही. निकॉनने उलट वाट धरली आणि १९५९ चे तोंड तसेच ठेवले. भारतात जुन्या निकॉन लेन्सना गिऱ्हाईक मिळत राहिले, ते त्यामुळेच.

जन्मभराच्या हिशेबाला या देशात दुसराही एक शत्रू आहे, आणि परदेशी सल्लागारांच्या तो ध्यानातही येत नाही : बुरशी. कोकण, गोवा, केरळ येथील पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या लेन्सच्या आतल्या भिंगावर कोळिष्टकासारखे धागे वाढतात. त्यांतून पाझरणारी आम्ले भिंगावरचा पातळ थर खातात, आणि मग पुसूनही डाग जात नाही. सिलिका जेलची पुडी घातलेला हवाबंद डबा हा येथील छायाचित्रकाराच्या साहित्याचा तितकाच आवश्यक भाग आहे.

जुन्या सल्ल्याला खरा धक्का दिला तो डिजिटल सेन्सरने. आता फिल्म बॉडीतच कायमची बसली. बॉडी बदलणे म्हणजे फिल्म बदलणे झाले. वर सांगितलेल्या सावलीतल्या गणितात १०० च्या जागी ३२०० संवेदनशीलता घातली, की ३२ पट लाभ होतो. १/५० सेकंदाची गती १/१६०० सेकंदावर जाते. याचा अर्थ, फिल्मच्या काळात जे काम एफ/२.८ च्या अवाढव्य लेन्सशिवाय होत नसे, ते बॉडीतला चांगला सेन्सर एफ/५.६ किंवा एफ/६.३ च्या आटोपशीर झूम लेन्सने करू देतो. पार्श्वभूमी तेवढी विरघळत नाही, आणि मोठ्या लेन्सच्या मालकाला तेवढ्याचाच अभिमान असतो. पण पक्षी ओळखता येतो. गेल्या काही वर्षांत तळ्याकाठी, माळावर जे शिक्षक, कारकून, विद्यार्थी गळ्यात कॅमेरा अडकवून दिसतात, त्यांना तेथवर आणले ते स्वस्त लेन्सने नव्हे, संवेदनशील बॉडीने.

याच काळात एक गैरसमजही रुजला. लहान सेन्सरच्या बॉडीवर ‘४०० ची लेन्स ६०० ची होते’ असे सर्रास म्हटले जाते. लेन्स काहीच होत नाही. तिचे नाभीय अंतर तेच, पक्ष्याची प्रतिमा तीच सहा मिलिमीटरची. फक्त भोवतालची चौकट कापली जाते. फरक पडतो तो त्या सहा मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल बसतात यावर, आणि ही गोष्ट पुन्हा बॉडीचीच आहे.

आरसा गेल्यावर चक्र आणखी एकदा फिरले. लेन्सचे तोंड आणि सेन्सर यांमधले अंतर आरशाच्या कॅमेऱ्यात मोठे ठेवावेच लागे : निकॉन एफ मध्ये ४६.५ मिमी, कॅनन ईएफ मध्ये ४४ मिमी. आरसा नसलेल्या निकॉन झेडमध्ये ते १६ मिमी आहे, सोनी ई मध्ये १८, कॅनन आरएफ मध्ये २०. जास्त अंतरासाठी आखलेली लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर मध्ये पोकळ नळी घालून बसवता येते. उलट दिशेने हे जमत नाही. त्यामुळे पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ आणि जपान येथे बनलेल्या, आटे असलेल्या जुन्या एम४२ लेन्स, १९८७ मध्ये अनाथ झालेल्या एफडी लेन्स, सगळ्या पुन्हा वापरात आल्या. फोकस हाताने करावा लागतो, एवढेच. बॉडी एकीची, लेन्स दुसरीची आणि मधला भाग तिसऱ्याचा, अशी कृष्णन यांची जुळणी आज कोणीही तारेशिवाय करू शकतो.

या बदलांचा देशातील विज्ञानाशी संबंध आला तो असा. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात तेव्हा काम करणारे रमणा अत्रेय हे छंदाने पक्षिनिरीक्षक. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात १९९५ मध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला होता. २००६ मध्ये तो जाळ्यात धरून, मापे, टिपणे, छायाचित्रे आणि गळलेली पिसे घेऊन त्यांनी सोडून दिला, आणि तेवढ्या पुराव्यावर ‘बुगुन लिओसिक्ला’ ही नवी जात वर्णिली. ज्ञात पक्षी इतके थोडे होते, की नमुन्यासाठी एकही मारणे त्यांना रास्त वाटले नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालातील ९४२ जातींचे मूल्यमापन तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींतून झाले. शंकास्पद नोंद पारखताना तपासनीस आधी विचारतो ते छायाचित्र. पंखांवरची पट्टी त्यात दिसली पाहिजे, पार्श्वभूमी विरघळली नाही तरी चालते.

आणि वाघांच्या मोजणीत बॉडी-लेन्सची निवड मुळी उरलेलीच नाही. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बांधले गेले. लहानसे बंद डबे, बदलता न येणारी लेन्स, शरीराची उष्णता आणि हालचाल ओळखणारा सेन्सर. साडेतीन कोटींच्या आसपास चित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नक्षी निराळी असते, म्हणून संगणकाने ती जुळवून २,४६१ वाघ एकेकटे ओळखले. हे डबे बांधताना वनरक्षक आजही प्रथम जमिनीवरचे ठसे पाहतो, वाट ठरवतो, आणि दोन्ही बाजूंचे पट्टे मिळावेत म्हणून वाटेच्या दोहों अंगांना एकेक कॅमेरा लावतो. तारेची जागा उष्णतेच्या सेन्सरने घेतली आहे. बाकी रीत चँपियन यांचीच आहे.